तळटीप क्रमांक २७

एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधाचे हे प्रकरण आहे. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. तिचे नाव, गाव आणि आमचे महाविद्यालय मुद्दाम सांगत नाही.

विषय होता १८९७ चा पुण्यातला प्लेग आणि मराठी वृत्तपत्रे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने तिसरे प्रकरण आणून दिले. पान ५८ वर हे वाक्य होते:

"रँडच्या जुलमाविरुद्ध केसरीत 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख लिहिल्याबद्दल टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरीची शिक्षा झाली."

आणि पानाच्या तळाशी: "२७. केसरी, १६ जून १८९७, पृ. २."

वाक्य मी वाचून गेले. अडखळले ती तळटिपेवर. केसरी तेव्हा साप्ताहिक होता आणि दर मंगळवारी निघायचा. पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली ती २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर, राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभानंतर. तो दिवस मंगळवारच होता, हे प्लेगचा इतिहास शिकवणाऱ्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. त्यातून सात दिवस वजा केले की १५ जून येतो. १६ जून म्हणजे बुधवार. त्या तारखेचा केसरी कधी निघालेलाच नाही. जो अंक निघालाच नाही त्याचे दुसरे पान माझ्या विद्यार्थिनीने पाहिले होते, असे ती तळटीप सांगत होती.

मग वाक्याकडे परत गेले आणि तेही उसवायला लागले. तो अग्रलेख ६ जुलैचा. रँड ३ जुलैला मरण पावला, पुण्यावर जादा पोलीस बसवून सगळ्या शहराला धडा शिकवण्याची भाषा सुरू झाली, त्या वातावरणातला. जूनमध्ये तो छापला जाणे शक्य नव्हते. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो तर या अग्रलेखावरून नव्हेच. आरोप होता १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर: 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त. न्यायमूर्ती स्ट्रॅची, नऊ जणांची ज्युरी, सहा विरुद्ध तीन असा कौल, आणि १४ सप्टेंबर १८९७ ला अठरा महिन्यांची शिक्षा. अग्रलेखाचे शीर्षक इतके गाजलेले आहे की शिक्षाही त्याच्याच नावावर लावून टाकायची सवय भाषणांतून आणि निबंधांतून पडली आहे. ती सवय आता एका प्रबंधात तळटिपेसह येऊन बसली होती.

एका वाक्यात तीन चुका. तरीही मला चिंता वाटली ती चुकांची नाही. एम. ए.च्या मुलीकडून तारीख चुकते, ती दुरुस्त करता येते. तिने न पाहिलेल्या कागदावर 'मी पाहिले' अशी सही केली होती, आणि आणखी किती ठिकाणी केली असेल हे मला कळत नव्हते.

वहीत काय सापडले

दुसऱ्या दिवशी तिला बोलावले. रागावायचे नाही हे आधीच ठरवले होते. म्हटले, "अगं, हा अंक तू कुठे पाहिलास?"

तिने लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "मॅडम, शोधगंगेवर एक जुना प्रबंध मिळाला. त्यात होता." (शोधगंगा म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा.)

"प्रबंधात केसरी होता, की केसरीचा संदर्भ होता?"

"संदर्भ. त्यांनी केसरी दिला होता, म्हणून मी पण केसरीच दिला."

तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. तिला खरोखरच वाटत होते की हेच बरोबर आहे. मूळ स्रोत केसरी, मग केसरीच लिहायचा. मधल्या माणसाचे नाव कशाला? आपल्याकडच्या निम्म्या विद्यार्थ्यांची हीच समजूत आहे, आणि ती वाईट हेतूतून आलेली नाही.

मी वही मागितली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिने पानेच्या पाने टिपणे काढली होती. मेहनत दिसत होती. पण कोणत्याही पानावर, हे टिपण कशातून घेतले, हे लिहिलेले नव्हते. एका पानाच्या खाली, ओळ संपवून, लिहिले होते:

"१६) केसरी जून १८९७ पृ. २"

तो जुना प्रबंध आम्ही दोघींनी माझ्या संगणकावर उघडला. त्या पानावर तळटीप क्रमांक १६ होती: "केसरी, १५ जून १८९७, पृ. २." १६ हा तळटिपेचा क्रमांक होता. वहीत उतरवताना १५ गळाला, क्रमांक तेवढा राहिला, आणि तीन महिन्यांनी टाइप करताना त्या क्रमांकाची तारीख झाली.

त्या जुन्या प्रबंधकाराने लिहिलेले बरोबर होते, हे इथे नोंदवायला हवे. त्याने एका परिच्छेदात आधी १५ जूनच्या अंकाबद्दल लिहून तिथे तळटीप १६ दिली होती, पुढे जुलैच्या अग्रलेखाबद्दल लिहून तिथे १७ दिली होती, आणि शेवटी शिक्षेबद्दल लिहिले होते. माझ्या विद्यार्थिनीने तो परिच्छेद 'आपल्या शब्दांत' आखडला. तीन वाक्यांचे एक झाले, दोन तळटिपांची एक उरली, आणि जोडताना 'लिहिल्याबद्दल' हा शब्द तिचा स्वतःचा आला. सगळी चूक त्या एका शब्दात आहे. आपल्या शब्दांत लिहा, म्हणजे वाङ्मयचौर्य होत नाही, असे आम्ही वर्गात सांगतो. पण समोर मूळ पान उघडे नसताना आपल्या शब्दांत लिहिले की काय होते, ते या वाक्यात दिसते.

अहवाल स्वच्छ होता

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की तिचा प्लेजरिझम रिपोर्ट उत्तम आला होता. समानता फक्त ८ टक्के.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम एम. ए.च्या लघुप्रबंधालाही लागू आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतची समानता किरकोळ धरली जाते, तिला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. आमच्या ग्रंथालयातून आलेल्या अहवालावर 'स्तर शून्य' असे लिहिले होते. विद्यार्थिनी खूश होती, विभागही.

मी तो अहवाल नीट उलगडून पाहिला. ८ टक्क्यांतला मोठा भाग प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि ऋणनिर्देश यांचा होता. ही पाने आमच्याकडे सगळ्यांची एकसारखीच असतात आणि खरे तर मोजणीतून वगळायची असतात. उरलेला भाग १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्यातल्या शब्दांचा, तोही वगळण्यासारखाच. शोधगंगेवरच्या ज्या प्रबंधातून अख्खी टिपणे आली होती, त्याच्याशी एक ओळही जुळलेली दिसत नव्हती.

जुळणार तरी कशी? तो प्रबंध श्री-लिपी या मराठी टंकनाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून, छापून, स्कॅन करून चढवलेला आहे. यंत्राच्या लेखी ती चित्रे आहेत. स्कॅन न करता थेट चढवलेल्या जुन्या फाँटच्या फायलींची गत तर आणखी विचित्र असते: आपल्याला पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांची भेळ असते, कारण ते फाँट युनिकोडचे नाहीत. इंग्रजी प्रबंध तपासण्यासाठी उभारलेल्या या व्यवस्थेला मराठी प्रबंधांचा मोठा साठा दिसतच नाही. डीटीपी सेंटरवाल्यांना हे पक्के ठाऊक आहे. मराठीत आठ-दहा टक्के आले म्हणून सुटकेचा श्वास सोडणाऱ्या मार्गदर्शकांना मात्र ते ठाऊक असलेले मला फारसे दिसत नाही.

शिवाय यंत्राला सगळे दिसले असते तरी तळटीप २७ त्याने पकडली नसती. यंत्र शब्द जुळवते. एखाद्याने न पाहिलेला अंक पाहिला म्हणून लिहिला, हे शब्द जुळवून कळत नाही.

चौऱ्याहत्तर टिपा

तिला म्हटले, आता प्रत्येक टिपेशी बस आणि स्वतःला विचार, हे पान माझ्या डोळ्यांखालून गेले आहे का? एकूण ७४ टिपा होत्या. ती आठ दिवसांनी यादी घेऊन आली. प्रत्यक्ष पाहिलेले ३१. दुसऱ्याच्या लेखनातून घेतलेले, पण मूळ साधन पाहिल्यासारखे दाखवलेले २९. उरलेल्या १४ टिपा कुठून आल्या हे तिला सांगता येईना.

त्या २९ चे काय करायचे, हा प्रश्न सोपा होता आणि मराठीत त्यासाठी शब्दही आहे: उद्धृत. केसरीचा अंक, तारीख, मग अर्धविराम, मग 'उद्धृत' आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव, प्रबंधाचे शीर्षक, विद्यापीठ, वर्ष, पान. टीप लांबते, पण खरी होते. वाचणाऱ्याला कळते की तारखेत चूक असलीच तर ती कोणत्या पायरीवर शोधायची. संदर्भसूचीत मग त्या प्रबंधाची नोंद येते; केसरीची फाइल 'प्राथमिक साधने' या मथळ्याखाली येत नाही, कारण ती आपण पाहिलेली नाही.

इथे ती थांबली. "पण मॅडम, मग प्राथमिक साधने फक्त सहाच उरतात."

"उरू देत."

"फॉर्ममध्ये किमान दहा मागितली आहेत."

मला एकदम उत्तर सुचले नाही, कारण तिचे म्हणणे खरे होते. आमच्या विभागाच्या मूल्यमापन पत्रकात 'प्राथमिक साधनांचा वापर (किमान १०)' असा रकाना होता आणि त्याला वेगळे गुण होते. तो रकाना करणाऱ्या बैठकीत मीही बसले होते. हेतू चांगला होता, मुलांनी गाइड आणि नोट्सच्या पलीकडे जावे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारी, एसटीने ये-जा करणारी, शनिवारी घरचे काम असणारी मुलगी दहा प्राथमिक साधने कुठे जाऊन पाहणार, याचा विचार आम्ही केला नव्हता. आम्ही आकडा मागितला, तिने तो भरून दिला. नव्या शैक्षणिक धोरणाने आता एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प आला आहे, तेव्हा असे रकाने आणखी किती ठिकाणी आणि किती जणांकडून भरले जात असतील, या विचाराने मला खरोखर अस्वस्थ वाटते.

संदर्भ देण्याच्या कार्यशाळा आम्ही घेतो. मी स्वतः चार-पाच घेतल्या आहेत. दुपारभर आडनाव आधी की नाव आधी, प्रकाशकाच्या आधी विसर्ग की स्वल्पविराम, एमएलएची नववी आवृत्ती काय म्हणते आणि एपीएची सातवी काय म्हणते, तत्रैव (म्हणजे 'त्याच ठिकाणी') कधी आणि उनि (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे 'वर सांगितलेले') कधी, हे चालते. हे शिकवायलाच हवे. विद्यापीठाने जी पद्धत ठरवली आहे ती सगळीकडे एकसारखी पाळावी, यापलीकडे त्यात फार अवघड काही नाही. पण त्या कार्यशाळांत, तळटीप ही साक्ष असते, पाहिलेले पाहिले म्हणून सांगायचे आणि ऐकलेले ऐकले म्हणून, हे मी कधी पाच मिनिटे थांबून सांगितले नव्हते. मला ते गृहीत वाटत होते.

अवतरणचिन्हांतले मराठी

त्या २९ मध्ये एक टीप अशी निघाली की ती नुसती 'उद्धृत' करून भागणार नव्हते. प्लेगच्या घरतपासणीवरचा, केसरीतला म्हणून एक चार ओळींचा उतारा तिने अवतरणचिन्हांत दिला होता. मी वाचला आणि पुन्हा अडखळले. उताऱ्यात 'नाही' होते, 'काही' होते, 'घरात' होते. १८९७ च्या छापील मराठीत 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असतात. न उच्चारले जाणारे अनुस्वार आपण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी सोडले. एखादा जुना उतारा आजच्या शुद्धलेखनात दिसला तर दोन शक्यता असतात: कोणीतरी तो आधुनिक करून घेतला आहे, किंवा तो मूळचा नाहीच.

हा मूळचा नव्हता. जुन्या प्रबंधातला तो भाग एका इंग्रजी पुस्तकावर आधारलेला होता. इंग्रजी लेखकाने केसरीतला मजकूर भाषांतर करून दिला होता, आणि माझ्या विद्यार्थिनीने त्या इंग्रजीचे पुन्हा मराठी करून केसरीच्या नावावर अवतरणचिन्हांत ठेवले होते. मराठी वृत्तपत्रातले मराठी वाक्य, इंग्रजीच्या वाटेने जाऊन परत आलेले. शब्द केसरीच्या संपादकाचे नव्हते, तिचे होते.

शब्दांना किती किंमत असते हे त्याच वर्षाने दाखवले आहे. १८९७ चा खटला बराचसा मराठी मजकुराच्या इंग्रजी भाषांतरावर आणि राजद्रोहाच्या कलमातल्या एका इंग्रजी शब्दाच्या अर्थावर उभा होता. सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, असा अर्थ स्ट्रॅचीने ज्युरीला सांगितला आणि त्यावर वाद झाला. अशा वर्षाच्या मजकुरावर काम करताना तरी उद्गारचिन्हापर्यंत मूळ तपासावे, असे मला फार वाटते.

एका शनिवारी आम्ही दोघी पुण्याला गेलो. एका जुन्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मचे यंत्र होते. तिने असे यंत्र पहिल्यांदाच पाहिले. रीळ लावले, हँडल फिरवले, काळी-पांढरी पाने सरकायला लागली. जूनचा महिना आला. १५ जूनचा अंक आला तेव्हा ती पडद्यापाशी इतकी वाकली की तिच्या डोक्याची सावली मजकुरावर पडली. बारीक टाइप, दाटीने भरलेले रकाने, कडेला जाहिराती. "मॅडम, खरंच अनुस्वार आहेत," एवढेच म्हणाली. मग १५ नंतर थेट २२ तारखेचा अंक आला. तिने हँडल उलटे फिरवून पुन्हा पाहिले. मध्ये काही नव्हते.

तिचा तो चार ओळींचा उतारा आम्ही दोन तास शोधला. मिळाला नाही. तेव्हा तिने अवतरणचिन्हे काढली, आशय इंग्रजी पुस्तकाच्या नावाने दिला, आणि टिपेत लिहिले की मूळ मराठी मजकूर पाहता आलेला नाही. दुसरा एक छोटा उतारा मात्र तिने त्या दिवशी स्वतः उतरवून घेतला, अनुस्वारांसह. त्याच्या टिपेत अंकाची तारीख, पान, रकाना आणि 'मायक्रोफिल्म' असे सगळे आले. तोपर्यंत तिने वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात साधनाचे नाव आणि पान क्रमांक लिहायला सुरुवातही केली होती, आणि जे शब्दशः उतरवले त्याला लाल शाई.

विभागात

हे सगळे मी विभागप्रमुखांना सांगितले. दोन सहकाऱ्यांशीही बोलले. एकाचे म्हणणे होते, "मॅडम, आठ टक्के आहे, नियमात बसतंय, कशाला उकरताय? बाकीचे काय वेगळं करतात?" दुसऱ्या सहकारी बाईंचे म्हणणे नेमके उलटे: हे वाङ्मयचौर्यच आहे, टक्के काहीही असोत, विषय रद्द करून पुढच्या वर्षी सादर करायला लावा, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल.

मला दोन्ही पटले नाही. पहिल्याने सगळे जसेच्या तसे राहिले असते. दुसऱ्याने, जिने प्रत्येक टीप समोर बसून उलगडून दाखवली तिला शिक्षा झाली असती, आणि ज्यांच्या टिपा कोणी वाचल्याच नाहीत ते पास झाले असते. तिने केले ते चूक होते. दुसऱ्याने ग्रंथालयात जाऊन काढलेले श्रम तिने आपल्या नावावर दाखवले होते. हे मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितले आणि तिला ते लागले. पण ते कबूल करून दुरुस्त करण्याची वाट तिला मिळायला हवी होती. विभागप्रमुखांनी महिनाभराची मुदत दिली. पत्रकातला 'किमान १०' काढावा, हा माझा प्रस्ताव पुढच्या बैठकीत ठेवू म्हणाले; दोन बैठका झाल्या, अजून तो रकाना आहे.

बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न विचारला, "प्राथमिक साधने एवढी कमी का?" ती म्हणाली, "सर, जी पाहिली तेवढीच लिहिली आहेत. बाकीची उद्धृत म्हणून दिली आहेत." त्यांनी सूची चाळली, दोन टिपा वाचल्या, आणि पुढे प्लेगबद्दल विचारायला लागले. त्या रकान्यात तिला कमी गुण मिळाले.

टीप ५२

त्या १४ टिपांपैकी १३ तिने काढल्या. त्यांच्याबरोबर वाक्येही गेली. काही वाक्ये चांगली होती, मलाही वाईट वाटले. रँडवर हल्ला कोणत्या तारखेला झाला, याला टीप लागत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण अमुक पेठेत अमुक घरे तपासली, हे कुठून घेतले ते सांगता येत नसेल तर ते वाक्य ठेवता येत नाही. यावर आमचे फार बोलणे झाले नाही.

चौदावी होती टीप ५२. वाक्य असे: "१८९७ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड्यांत उंदीर मरू लागताच लोक गाव सोडून माळावर खोपी करून राहत." टीप: "मुंबई इलाखा गॅझेटिअर, खंड १८, पुणे, १८८५." पान क्रमांकसुद्धा दिलेला होता. मी तिला वर्ष मोठ्याने वाचायला लावले. १८८५. प्लेग मुंबईत आढळला सप्टेंबर १८९६ मध्ये. अकरा वर्षे आधी छापलेल्या पुस्तकात तो कुठून येणार?

ती रडायला लागली. बाकीच्या टिपांच्या वेळी रडली नव्हती.

"हे कुठून घेतलंस?"

"आजीने सांगितलं होतं, मॅडम."

"मग आजीच लिहायची."

"आजी संदर्भ असते?"

मे महिन्यात मी तिच्याबरोबर तिच्या गावी गेले. आजी पंच्याऐंशीच्या घरातल्या, ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मला म्हणाल्या, "बसा बाई." आम्ही मोबाइलवर आवाज टिपायचा का विचारले, त्या म्हणाल्या, टिपा की. मग सांगायला लागल्या. त्यांनी स्वतः पाहिलेले नव्हते. "आमच्या सासूबाई सांगायच्या. पलेगात उंदीर पडाय लागलं की समदं गाव माळावर जायचं. खोपी घालायच्या. म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन न्यायचं. घरांना नुसत्या कड्या लावायच्या."

"कोणत्या साली, आजी?"

"साल काय ठावं? पलेगात."

आम्ही परत आलो. प्लेगच्या साथी पुढे वीस-पंचवीस वर्षे येत राहिल्या होत्या, तेव्हा सासूबाईंनी सांगितलेली साथ १८९७ ची होती असे म्हणायला आमच्याकडे काही आधार नव्हता. तिने वाक्यातून साल काढले. 'पुणे जिल्ह्यातील खेड्यांत' हेही काढले आणि तिथे एका गावाचे नाव घातले. 'राहत' च्या जागी 'राहत असत, असे सांगितले जाते' आले. गॅझेटिअरची टीप खोडली. अंतिम प्रतीत पान ९१ च्या तळाशी आता तिच्या आजीचे पूर्ण नाव आहे, त्यापुढे वय, गाव, मुलाखतीची तारीख, 'मुलाखत व ध्वनिमुद्रण: प्रस्तुत संशोधक', आणि शेवटी: "निवेदकांनी ही माहिती आपल्या सासूबाईंकडून ऐकलेली आहे. वर्ष सांगता येत नाही."